माळेचं कूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. माळेचं शोधायला काही हरकत नसावी, असं म्हणून मी वाचायला बसले आणि पावसाळाभर त्यातच अडकले. त्याची ही हकीकत. जरा लांबली आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

तर झालं असं, की गेल्या मे महिन्याच्या शेवटी आम्ही सगळे काजवे बघायला गेलो होतो. सगळे म्हणजे आम्ही दोघं, ताई आणि भावजी, आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा. भंडारदऱ्याच्या पुढे घाटघरच्या वाटेवर एक पाडा आहे, तिथल्या ओळखीच्या घराच्या अंगणात तंबू टाकले. तंबू उभा झाल्याबरोबर भाच्यानं सॅकमधून एक गुंडाळी काढली. केसाएवढी बारीक तांब्याची तार, तिला तांदळाच्या दाण्याएवढे दिवे, आणि टोकाला पोस्टकार्डापेक्षाही लहान काळी पाटी. दिवसभर ती पाटी गाडीच्या टपावर उन्हात पडली होती म्हणे. मी म्हटलं, "बटण कुठंय?" तो म्हणाला, "बटण नाही गं मावशी. अंधार पडला की आपोआप लागते." आणि खरंच, साडेसातच्या सुमारास कोणी हात न लावता माळ लागली. पिवळट, मऊ उजेड. तंबू अगदी लग्नघरासारखा दिसायला लागला.

मला एकदम बाबा आठवले.

आमच्या घरी दिवाळीच्या आधीच्या रविवारी दुपारी माळेचा कार्यक्रम असायचा. माळ्यावरून बुटांचा एक खोका खाली यायचा. त्यात गेल्या वर्षी 'नीट गुंडाळून' ठेवलेली माळ असायची, जी वर्षभरात आपली आपण गाठी मारून घ्यायची. पहिला तास गुंता सोडवण्यात. मग पिन लावायची, आणि माळ लागायची नाही. कधीच लागायची नाही. मग बाबा सतरंजीवर मांडी घालून बसायचे आणि मला समोर बसवून शाळा घ्यायचे. "हे बघ, एकेक बल्ब सहा व्होल्टचा. घरात येते दोनशे तीस. भागाकार कर." मी करायचे. अडतीस आणि वर काहीतरी. "म्हणून अडतीस बल्ब एकामागे एक. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरलेत. एकानं सोडला की सगळे गेले."

आता गेलेला कुठला ते शोधायचं कसं? शेजारचे काका एक चांगला बल्ब घेऊन तो एकेका जागी लावून बघायचे. बाबांना ही पद्धत मान्य नव्हती. एकच बल्ब गेला असेल तर ठीक, दोन गेले असतील तर अशानं जन्मात सापडणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं (आणि ते बरोबरच आहे). त्यांनी विजेरीचे दोन सेल चिकटपट्टीनं जोडून त्याला दोन वायरी लावल्या होत्या. माळेतून एकेक बल्ब काढायचा आणि त्या वायरींना टेकवायचा. तीन व्होल्टवर सहाचा बल्ब पूर्ण पेटत नाही, पण आतली तार लालसर होते. ती लाल झाली की पुढचा. अडतीस वेळा. त्यातला एक बल्ब फ्लॅशरचा असायचा. त्याच्या पोटात दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते, ती तापली की वाकते आणि हात सोडते, निवली की पुन्हा धरते. म्हणून सगळी माळ उघडझाप करायची. एका बल्बच्या मर्जीवर बाकी सदतीस.

भाच्याच्या माळेत हे काही नव्हतं. ना गुंता, ना भागाकार. मी ती काळी पाटी हातात घेऊन बघत बसले आणि डोक्यात किडा शिरला, की ही गोष्ट एवढ्याशा किमतीत तंबूवर टांगायला मिळण्याआधी काय काय झालं असेल?

पहिली गंमत सापडली ती १८८२ सालात. लंडनचं सॅव्हॉय थिएटर आदल्याच वर्षी, १८८१ मध्ये, विजेच्या दिव्यांनी उजळलं होतं. सगळीच्या सगळी इमारत विजेवर असलेली जगातली ती पहिली सार्वजनिक जागा म्हणतात. २५ नोव्हेंबर १८८२ ला तिथं गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या 'आयोलँथी' या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला. कथा पऱ्यांची. त्यातल्या मुख्य पऱ्यांच्या केसांत चिमुकले विजेचे दिवे लावले होते, आणि त्यांची बॅटरी पोशाखात लपवली होती. दिवे जोसेफ स्वान यांच्या कंपनीचे. इंग्लंडात या बारीक दिव्यांच्या माळांना आजही फेअरी लाइट्स म्हणतात आणि त्या शब्दाचा संबंध लोक या नाटकाशी जोडतात. मला यात नावापेक्षा वेगळंच काही दिसलं: वायर भिंतीत न जाता माणसाच्या अंगावर फिरणारा दिवा. सोबत आपली वीज घेऊन चालणारा. एका परीनं भाच्याच्या माळेची ही पणजीच म्हणायची.

त्यानंतर महिनाही झाला नाही, तोच २२ डिसेंबर १८८२ ला न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड जॉन्सन या गृहस्थानं आपल्या घरातल्या ख्रिसमसच्या झाडावर ८० दिवे लावले. तांबडे, पांढरे आणि निळे, हातानं वायरिंग करून. झाड खालून मोटरवर फिरत होतं. जॉन्सन हा एडिसनचा सहकारी आणि त्यांच्या वीज कंपनीतला मोठा माणूस, त्यामुळे यात हौसेइतकीच जाहिरातही होती हे उघड आहे. एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र त्याच सप्टेंबरात सुरू झालं होतं आणि लोकांना वीज घरात घ्यायला पटवायचं होतं. दहाबारा वर्षांत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या घरीही असं झाड लागलं. पण या माळा लावायच्या तर वायरमन घरी बोलवावा लागे, म्हणजे हे श्रीमंतांचंच काम. तयार जोडलेली माळ दुकानात मिळायला विसावं शतक उजाडलं.

आता दुसरी गंमत. जॉन्सनच्या झाडानंतर एका वर्षाच्या आत, १८८३ मध्ये, त्याच न्यूयॉर्क शहरात चार्ल्स फ्रिट्स नावाच्या माणसानं सेलेनियमच्या पातळ थरावर सोन्याचा जवळजवळ पारदर्शक मुलामा चढवला आणि उन्हात ठेवला. वीज निघाली. पडलेल्या उन्हाच्या जेमतेम एक टक्का, पण काही न जाळता, काही न फिरवता. पुढच्या वर्षी त्यानं एका गच्चीवर अशा पाट्या मांडल्याही. एक नमुना जर्मनीत वेर्नर सीमेन्सकडे पाठवला, आणि सीमेन्सनं त्याची मनापासून दखल घेतली. बाकीच्यांचा विश्वास बसेना. उजेडातून वीज कशी निघते हे तेव्हाच्या विज्ञानाला सांगताच येत नव्हतं, त्याचं उत्तर द्यायला १९०५ साली आइन्स्टाइनला यावं लागलं.

म्हणजे माळ आणि सोलरची पाटी एकाच शहरात, वर्षभराच्या अंतरानं जन्मल्या. शेजारणीच. आणि दोघींची नीट गाठ पडायला शंभरावर वर्षं गेली! हे कळल्यावर मी यांना जेवता जेवता सांगितलं, तर हे म्हणाले, "पत्रिका जुळत नसेल." विनोद सोडा, पण खरंच जुळत नव्हती. माळेला भूक मोठी आणि पाटीकडं द्यायला काही नाही.

सेलेनियमवर मंडळी सत्तर वर्षं अडकून पडली. सुटका झाली ती एका अगदी वेगळ्या कामातून. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डॅरिल चेपिन या इंजिनिअरला टेलिफोनसाठी विजेची सोय शोधायची होती. दमट, उष्ण प्रदेशात कोरडे सेल लवकर खराब होत, त्यावर उपाय हवा होता. (आपल्या कोकणातल्या लोकांना हे समजावून सांगायला नको.) त्यानंही आधी सेलेनियमच घेतलं, आणि अर्धा टक्काच वीज मिळाली. त्याच लॅबमधल्या जेराल्ड पीअरसन यांच्या हातात तेव्हा सिलिकॉनचा एक तुकडा होता. त्यात कॅल्विन फुलर यांनी मोजून मिसळ केली होती. उजेडात धरला तर सेलेनियमपेक्षा कितीतरी जास्त वीज! पीअरसन यांनी चेपिनला सांगितलं, सेलेनियमवर वेळ घालवू नकोस. २५ एप्रिल १९५४ ला तिघांचा सोलर सेल जगापुढे आला. सहा टक्के. पत्रकारांना दाखवायला त्यांनी काय केलं असेल? दिव्याच्या उजेडावर एक खेळण्यातला आकाशपाळणा फिरवून दाखवला. जत्रेतला असतो तसा, पण टेबलावर मावणारा.

दोन वर्षांनी चेपिननं आणखी एक गणित केलं, आणि ते मला फार आवडलं, कारण ते बाबांच्या भागाकारासारखं आहे. एक वॉट देणाऱ्या सेलची किंमत २८६ डॉलर. एका घराला लागणारी वीज धरली तर पाट्यांचा खर्च १४ लाख ३० हजार डॉलर. स्वतः शोधलेल्या वस्तूचा असा हिशोब मांडून 'हे परवडणार नाही' म्हणायला धैर्य लागतं.

मग पाटी गेली अंतराळात, जिथं पैशाला कोणी विचारत नव्हतं. १७ मार्च १९५८ ला सोडलेला अमेरिकेचा व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह छोट्या पपनसाएवढा, दीड किलोचासुद्धा नाही. त्यात दोन ट्रान्समीटर होते, एक बॅटरीवरचा आणि एक सोलरवरचा. बॅटरीवाला जूनमध्येच गप्प झाला. सोलरवाला १९६४ पर्यंत बोलत राहिला. उपग्रह अजून फिरतोच आहे, माणसानं वर पाठवलेल्या आणि अजून कक्षेत असलेल्या वस्तूंत सगळ्यांत जुना. आपल्या आर्यभट्टाच्या अंगावरही १९७५ मध्ये असेच सेल होते.

अंतराळातून ही पाटी जमिनीवर कोणी आणली असेल? तेल कंपनीनं! १९७३ च्या सुमाराला एक्झॉन कंपनीच्या पैशावर एलियट बर्मन या रसायनशास्त्रज्ञानं सोलर पॉवर कॉर्पोरेशन काढली. उपग्रहासाठी लागणारं अतिशुद्ध सिलिकॉन जमिनीवर कशाला हवं, असा त्याचा साधा सवाल होता. कमी प्रतीचं वापरून त्यानं वॉटमागे शंभर डॉलरची किंमत वीसवर आणली. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरींचे धोक्याचे दिवे. तिथं जड बॅटऱ्या बोटीनं नेऊन बदलण्यापेक्षा पाटी स्वस्त पडे. आपल्याकडे साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडनं १९७७ मध्ये देशातला पहिला सोलर सेल बनवला आणि १९७८ मध्ये पहिलं पॅनल. लक्षात घ्या, तेव्हा आमच्या घरी त्या माळेचा गुंता सुटत होता आणि मावशीच्या गावी रॉकेलच्या रांगा लागत होत्या.

पाटी स्वस्त झाली तरी माळेची भूक होतीच. इथं जरा हिशोब करू. बाबांच्या माळेतून समजा दशांश एक अँपिअर जात असेल, तर २३० गुणिले ०.१, म्हणजे २३ वॉट. भाच्याच्या पाटीमागच्या बॅटरीवर १.२ व्होल्ट आणि २००० एमएएच असं छापलंय, म्हणजे तिच्यात वीज आहे २.४ वॉट-तास. त्यावर बाबांची माळ चालली असती सहा मिनिटं. लक्ष्मीपूजनाची आरतीसुद्धा पुरी झाली नसती. साध्या बल्बमध्ये बहुतेक वीज तार तापवण्यातच जाते, उजेड हा जाता जाता मिळणारा प्रसाद.

म्हणून या गोष्टीतला खरा नायक मला एलईडी वाटतो. त्याचीही कहाणी मोठी आहे, थोडक्यात सांगते. १९२० च्या दशकात रशियात ओलेग लोसेव्ह नावाच्या तरुण तंत्रज्ञाला रेडिओच्या स्फटिकातून थंड उजेड येताना दिसला. त्यानं त्यावर निबंध लिहिले, पण फारसं कोणी लक्ष दिलं नाही, आणि १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात तो उपासमारीनं गेला. अडतीस वर्षांचा होता. नंतर १९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी केला. लाल झाला, पुढे हिरवट-पिवळा झाला. निळा होईना. आणि निळ्याशिवाय पांढरा नाही. आमच्या पहिल्या टेपरेकॉर्डरवर तो एक लाल ठिपका होता ना, तिथंच गाडी तीस वर्षं अडली होती.

निळा जमला तो जपानात. नागोयाला इसामु आकासाकी आणि हिरोशी अमानो, आणि तिकडे शिकोकू बेटावर निचिया नावाच्या आडगावच्या कंपनीत शुजी नाकामुरा. निचियाचा धंदा टीव्ही आणि ट्यूबलाइटच्या आतल्या चकाकणाऱ्या पावडरीचा. नाकामुरांनी गॅलियम नायट्राइड हे सगळ्यांनी नाद सोडलेलं द्रव्य धरलं. मध्येच कंपनीनं काम थांबवायला सांगितलं तरी ते थांबले नाहीत. १९९३ च्या नोव्हेंबरात निचियानं झगझगीत निळा एलईडी जाहीर केला. नाकामुरांना बक्षीस मिळालं वीस हजार येन! (पुढे ते कोर्टात गेले आणि २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली, ते वेगळं.) १९९६ मध्ये निचियानंच निळ्या एलईडीवर आपल्या धंद्यातली पिवळी पावडर टाकून पांढरा दिवा बाजारात आणला. २०१४ मध्ये तिघांना पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं.

भाच्याच्या माळेत असे ५० दाणे आहेत, आणि सगळे मिळून एक तृतीयांश वॉटसुद्धा खात नाहीत. म्हणून तीच बॅटरी रात्रभर पुरते. शिवाय हे दाणे बाबांच्या बल्बांसारखे एकामागे एक हात धरून उभे नाहीत. ते दोन समांतर तारांच्या मध्ये बसलेत. एक गेला तर एकच जातो.

आणि ते बटणाचं कोडं? हे उत्तर मला सगळ्यांत आवडलं. अंधार ओळखायला त्यात वेगळा डोळाच नाही. पाटीच डोळा. ऊन असेपर्यंत पाटीकडून वीज येत असते, तोवर आतली चिप ती बॅटरीत भरते आणि दिवे बंद ठेवते. वीज यायची थांबली, म्हणजे रात्र झाली, मग ती बॅटरीच्या १.२ व्होल्टला उचलून दिव्यांना लागणाऱ्या तीनच्या आसपास नेते. दिवसभर कमवायचं आणि कमाई थांबली की खर्चायला काढायचं. बाबांना हे सांगायला हवं होतं. त्यांनी ती चिप उघडून बघितली असती आणि मग माळ कधीच लागली नसती, पण ते असो.

आता डोंगरातल्या उजेडाबद्दल. आम्ही कॉलेजात असताना गडावर मुक्कामाला जायचो, तेव्हा एका ग्रुपमध्ये दोन विजेऱ्या, फार तर तीन. सेल महाग, म्हणून गुहेत पोचलो की विजेरी बंद आणि मेणबत्ती. एका वर्षी कोणाच्या तरी मामांनी पेट्रोमॅक्स दिली होती. ती सॅकला बांधून रतनगडच्या शिडीवर चढवण्याचा पराक्रम अजून आमच्यात सांगितला जातो. वर पोचेस्तोवर मॅन्टल गळून पडलं होतं. वरातीत बायका डोक्यावर घेऊन चालायच्या तीच ही गॅसबत्ती. मूळची बर्लिनची, १९१० च्या सुमाराची. आणि तिच्या त्या जाळीदार मॅन्टलमध्ये थोरियमचा अंश असायचा. ते थोरियम ज्या मोनाझाइट वाळूतून निघतं, ती १९०९ मध्ये एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरच्या किनाऱ्यावर सापडली, तीसुद्धा तिथून परदेशी गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूमुळे. म्हणजे तमाशाच्या फडात जळणाऱ्या जर्मन बत्तीचा उजेड आपल्याच दक्षिणेतल्या वाळूचाही असू शकेल. असा एकेक धागा सापडला की रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही.

हं, तर परत पाड्यावर. माळ लागली, पिठलं-भाकरी झाली, आम्ही अंगणात बसलो. समोर हिरड्या-बेहड्याची झाडं, पलीकडे एक मोठं जांभूळ. आठ वाजले, साडेआठ वाजले. काजवे लांब उताराला दिसत होते, लुकलुक, लुकलुक. आमच्या बाजूला एक नाही. ताई म्हणाली, यंदा कमीच आहेत वाटतं. घरातल्या आजी इतका वेळ ओट्यावर गप्प बसून होत्या. त्या भाच्याला म्हणाल्या, "बाबा, ती तुजी माळ मालव जरा. तिच्यापुढं त्येंचं कोन बघनार?"

भाचा उठला खरा, पण माळेला बटण कुठं होतं? अंधारात ती लागणारच. शेवटी मी माझी शाल तिच्यावर टाकली, त्यातूनही उजेड पाझरत होता, म्हणून गुंडाळी करून थेट गाडीच्या डिकीत.

पहिली दहा मिनिटं काही दिसलं नाही, मलाही वाटलं आजींचं काहीतरीच. मग डोळे निवले. आधी जांभळाच्या खालच्या फांदीवर एक, मग तीन, आणि मग अख्खं झाड एकदम. सगळे एका तालात लागायचे आणि एका तालात विझायचे, जणू झाडाच्या पोटात कुठेतरी तो फ्लॅशरचा बल्ब बसवलाय. कोणी बोलेना. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ती नाही म्हणेल, पण मी बघितलं.

घरी आल्यावर वाचलं, ते असं. काजव्याची लुकलुक ही हाक असते. बहुतेक जातींत नर उडता उडता हाक देतो आणि मादी गवतातून, झुडपातून ओ देते. वर दिवा असला की ही ओ दिसतच नाही, जोड्या जमत नाहीत, आणि पुढच्या वर्षी तेवढे काजवे कमी. भाच्याची माळ एका रात्रीची, पण आता पवनेच्या काठापासून भंडारदऱ्यापर्यंत तंबूंच्या रांगाच्या रांगा लागतात आणि प्रत्येकावर माळ असते. फोटो छान येतात. बरं, ती माळ सोलरची, म्हणजे निसर्गाला अनुकूल, असं तिच्या खोक्यावर हिरव्या पानाच्या चित्रासकट छापलेलं! पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या आपल्या महाराष्ट्रातल्या भागाला २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथं रस्त्यांवरचे दिवे खाली तोंड करून बसवलेत म्हणे. ते ताऱ्यांसाठी केलं, काजव्यांनाही लाभत असेल.

याच वाचनात आणखी एक सापडलं आणि मी थोडी ओशाळले. २०१३ मध्ये बेल्जियम, फ्रान्स आणि कॅनडातल्या संशोधकांनी पनामातल्या एका काजव्याच्या पोटावरचे खवले सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. ते कौलांसारखे तिरपे बसलेले असतात आणि त्यामुळे आतला उजेड अडकून न पडता बाहेर निसटतो. तशाच खाचा त्यांनी एलईडीवर कोरल्या, तर बाहेर पडणारा उजेड ५५ टक्क्यांपर्यंत वाढला.

सकाळी निघताना भाच्यानं माळ आजींच्या हातात दिली. त्याला वाईट वाटत असावं. म्हणाला, "आजी, पावसात इथं लाइट जाते ना, तेव्हा गोठ्यात लावा." आजींनी माळ हातात फिरवून बघितली. काळी पाटी उलटी-सुलटी केली. "उनावर चालती व्हय ही?" त्यानं हो म्हटलं. "आन आशाढात ऊन कुठनं आनू?"

काय उत्तर देणार? घाटघरचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना ठाऊक आहे, तिथं जून ते सप्टेंबर सूर्य हा ऐकीव विषय असतो. फ्रिट्सपासून नाकामुरांपर्यंत सगळ्यांची शंभरावर वर्षांची मेहनत त्या एका प्रश्नापाशी येऊन उभी राहिली. वीज साठवण्याचं काम मागेच राहिलंय. स्वीडनच्या युंगनरनं १८९९ मध्ये केलेली निकेल-कॅडमियमची बॅटरी, मग १९९० च्या आसपासची निकेल-हायड्राइडची, सोनीनं १९९१ मध्ये बाजारात आणलेली लिथियमची, सगळ्या चांगल्याच. पण दोनशे रुपयांच्या माळेत बसणारी बॅटरी एक रात्र सांभाळते, चातुर्मास नाही. तरी आजींनी माळ ठेवून घेतली. पोराचं मन मोडवलं नसेल.

श्रावण संपताना भाच्यानं त्यांच्याकडे फोन केला. नातवानं उचलला. जुलैत सलग नऊ दिवस लाइट नव्हती, माळ पहिल्या दोन रात्री मिणमिणली आणि मग गप्प. मग त्यानं पाटीमागची बॅटरी काढून तिथं विजेरीतला एक साधा सेल घातला. चालली! म्हैस त्याच आठवड्यात व्याली, पहाटे तीनला, माळेच्या उजेडात. रेडकू झालं. सेल पुरून पुरून वापरला म्हणाला, दाव्याच्या खुंटीला माळ गुंडाळून, काम झालं की सेल बाहेर. भाच्यानं विचारलं, पुन्हा काजव्यांना आलो तर दुसरी आणू का? तर पलीकडे आजी काहीतरी बोलल्या आणि नातू हसला. "आजी म्हनती आना, पन बटनाची आना."

हे सगळं लिहायला बसण्याआधी परवा मी स्टूल घेऊन माळ्यावर चढले. बुटांचा खोका आहे तिथंच होता. आत माळ, तिच्यावर बाबांनी सुतळी बांधून ठेवलेली, आणि खाली ते दोन सेल, गंजून पांढरे झालेले. पिन लावली. अर्थातच लागली नाही. नवे सेल आणले, वायरीची टोकं खरवडली आणि सतरंजीवर बसले. भाचा म्हणतो, मावशी, तेवढ्यात पाच नव्या येतील. येतील की.

आज रात्री सतराव्या बल्बपर्यंत आलेय. दोन गेलेले सापडलेत, फ्लॅशरचा चांगला आहे. बाकीचे उद्या.